मत मागताना धर्म कशाला?

अमेरिकेत गेली काही वर्षे एका शब्दाची मोठी चर्चा आहे. तो शब्द म्हणजे ख्रिस्ती राष्ट्रवाद. अमेरिका हा देश ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांसाठी उभा केला, म्हणून त्याचे कायदे, त्याच्या शाळा आणि त्याची न्यायालये बायबलच्या शिकवणीप्रमाणे चालली पाहिजेत, असे मानणाऱ्यांचा तेथे एक बळकट गट आहे. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या संसदभवनावर जो जमाव चालून गेला, त्यात क्रूस आणि येशूच्या नावाचे फलक मिरवणारे लोक होते, हे साऱ्या जगाने पाहिले. २०२४ मध्ये लुईझियाना राज्याने आणि २०२५ मध्ये टेक्सास राज्याने सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलातील दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला. प्रकरणे अर्थातच न्यायालयात गेली.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या वर्गात दहा आज्ञा लागोत नाहीतर बारा, भांडुपच्या टेंभीपाड्यातल्या माणसाला त्याचे काय? त्याच्या नळाला पाणी येते की नाही, हा त्याचा प्रश्न आहे. सवाल रास्त आहे. पण ज्या रोगाचे हे लक्षण आहे, त्या रोगावरचा भारतातला सर्वात गाजलेला खटला दिल्लीत किंवा अयोध्येत उभा राहिलेला नाही. तो आपल्याच मुंबईच्या उपनगरात, विलेपार्ल्यात उभा राहिला. भांडुपहून पार्ले काही लांब नाही. आणि त्या खटल्याचे निकालपत्र आमच्या चळवळीतल्या फार थोड्या कार्यकर्त्यांनी वाचले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

डिसेंबर १९८७ मध्ये पार्ले विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. आम्ही तेव्हा शाळेत होतो, राजकारण कळायचे वय नव्हते. शिवसेनेच्या पाठिंब्यावर डॉ. रमेश प्रभू उभे होते आणि त्यांच्यासमोर काँग्रेसचे प्रभाकर कुंटे होते. प्रचारात शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्या सभा झाल्या. या सभांत त्यांनी सांगितले की, ही निवडणूक आपण हिंदू धर्माच्या रक्षणासाठी लढत आहोत आणि मुसलमानांच्या मतांची आपल्याला पर्वा नाही. प्रभू निवडून आले. कुंटे यांनी मुंबई उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली आणि एप्रिल १९८९ मध्ये न्यायमूर्ती भरूचा यांनी ती निवडणूक रद्द ठरवली.

येथे कायदा थोडा समजून घेतला पाहिजे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) प्रमाणे धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा या कारणावरून मत मागणे अथवा मत देऊ नका असे सांगणे हा निवडणुकीतील भ्रष्ट आचार आहे. पैसे वाटणे जसे भ्रष्ट, तसेच धर्माच्या नावाने मत मागणेही भ्रष्ट. उमेदवाराने स्वतः मागितले काय आणि त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी मागितले काय, परिणाम एकच, निवडणूक रद्द. पुढचे कलम १२३(३अ) हे समाजासमाजांत वैर पेटवण्याबद्दल आहे. पार्ल्याच्या खटल्यात ही दोन्ही कलमे लागली.

प्रभू सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागला ११ डिसेंबर १९९५ रोजी. म्हणजे १९८७ च्या पोटनिवडणुकीचा शेवटचा निकाल १९९५ मध्ये! ज्या विधानसभेसाठी ती निवडणूक झाली ती विधानसभा केव्हाच विसर्जित झाली होती, पुढच्या विधानसभेचीही मुदत संपली होती आणि राज्यात युतीचे सरकार आले होते. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या पीठाने प्रभूंचे अपील फेटाळले आणि ठाकरे यांची भाषणे भ्रष्ट आचारात मोडतात यावर शिक्कामोर्तब केले. त्यापुढची कार्यवाही निवडणूक आयोग आणि राष्ट्रपती यांच्याकडे गेली. जुलै १९९९ मध्ये आदेश निघाला आणि ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी, म्हणजे डिसेंबर २००१ पर्यंत, काढून घेण्यात आला. यातली गंमत अशी की मत देण्याचा हक्क गेला, मत मागण्याचा गेला नाही. सभा होतच राहिल्या.

आमच्यातले पुष्कळ लोक या निकालाचा अर्धाच भाग सांगतात. ठाकऱ्यांचे मत गेले, एवढे सांगून टाळ्या घेतात. पण याच निकालपत्रात न्यायालयाने असेही म्हटले की हिंदुत्व हा शब्द भाषणात आला एवढ्यावरून ते धर्माच्या नावाने मत मागणे ठरत नाही. हा शब्द या उपखंडातील लोकांची जीवनपद्धती, अशा अर्थानेही वापरला जाऊ शकतो. झाले! त्या दिवसापासून हे वाक्य प्रचारपत्रकांवर चढले. ज्या निकालाने एका हिंदुत्ववादी उमेदवाराची निवडणूक रद्द केली, तोच निकाल हिंदुत्वाचे प्रमाणपत्र म्हणून मिरवला गेला. वकिलीत आम्ही अनेक विचित्र गोष्टी पाहिल्या. पण हरलेल्या पक्षाने निकालपत्राची मिरवणूक काढावी असे उदाहरण विरळा.

त्याच दिवशी दुसरा निकाल लागला, तो मनोहर जोशी यांच्या दादर मतदारसंघाचा. २४ फेब्रुवारी १९९० रोजी शिवाजी पार्कच्या सभेत जोशी म्हणाले होते की, पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल. मतदान होते २७ तारखेला. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. न्यायालयाला ते विधान तिरस्करणीय वाटले, हे खरे. पण ती केवळ एक आशा आहे, मतांचे आवाहन नाही, असे त्याने ठरवले. आमचा साधा सवाल आहे. मतदानाला तीन दिवस उरलेले असताना, उमेदवार निवडणुकीच्या सभेत व्यासपीठावर उभा राहून जी आशा व्यक्त करतो, ती मतदारासाठी नसेल तर कोणासाठी? न्यायालयाबद्दल पूर्ण आदर ठेवून आम्ही म्हणतो की हा निकाल पटणारा नाही. निकाल लागला तेव्हा जोशी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

हा कायदा फक्त हिंदुत्ववाद्यांनाच लागला असेही कोणी समजू नये. १९७२ मध्ये मुंबईच्या कुंभारवाडा मतदारसंघातून निवडून आलेले मुस्लिम लीगचे बुखारी यांची निवडणूक याच कायद्याखाली रद्द झाली, कारण आपला प्रतिस्पर्धी खरा मुसलमान नाही असे त्यांनी मतदारांना सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ते कायम केले. तसेच १९९० च्या निवडणुकीत नेहरूनगर मतदारसंघातील शिवसेनेचे सूर्यकांत महाडिक यांची आमदारकी देवळात केलेल्या भाषणामुळे गेली. मुंबईच्या उपनगरांनी या कायद्याला जेवढे खटले पुरवले तेवढे देशातल्या दुसऱ्या कोणत्या भागाने पुरवले असतील असे आम्हाला वाटत नाही.

त्यातला सर्वात लांबलेला खटला सांताक्रूझचा. १९९० मध्ये अभिराम सिंह तेथून निवडून आले. त्यांच्याविरुद्ध याचिका झाली. तो वाद फिरत फिरत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींपुढे गेला आणि २ जानेवारी २०१७ रोजी निर्णय झाला. सत्तावीस वर्षे! निकालपत्राच्या शीर्षकात याचिकाकर्त्याच्या नावापुढे ते मयत असल्याची नोंद आहे. कायद्यात लिहिले आहे की निवडणूक याचिका शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी.

प्रश्न एका शब्दाचा होता. कलमात ‘त्याच्या धर्माच्या’ कारणावरून असे शब्द आहेत. हा ‘त्याचा’ म्हणजे कोणाचा? फक्त उमेदवाराचा, की मतदाराचाही? चार न्यायमूर्तींनी म्हटले की उमेदवार, त्याचा प्रतिनिधी, प्रतिस्पर्धी आणि मतदार, कोणाच्याही धर्माच्या नावाने मत मागणे भ्रष्टच. निवडणूक ही धर्मनिरपेक्ष क्रिया आहे आणि तिच्यात धर्माला जागा नाही. तीन न्यायमूर्तींनी वेगळे मत दिले. त्यांच्या वतीने न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी जे लिहिले त्याचा आशय असा की, धर्म, जात आणि भाषा यांच्या आधारावर ज्यांच्यावर शतकानुशतके अन्याय झाला, त्यांना निवडणुकीत त्या अन्यायाबद्दल बोलूच दिले नाही तर लोकशाही पोकळ होईल.

चळवळीच्या वाचकांनी येथे थांबून विचार करावा. भावनेच्या भरात आपण बहुमताच्या निकालाचे स्वागत करू. धर्म राजकारणातून हद्दपार झाला, छान झाले! पण कलमात धर्माबरोबर जातही आहे. उद्या आमचा एखादा उमेदवार सभेत म्हणाला की, या गावात बौद्धांवर बहिष्कार पडला आहे, ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवून घेतला जात नाही, तो नोंदवायला लावणारा आमदार निवडून द्या, तर हे जातीच्या नावाने मत मागणे झाले काय? आमच्या मते नाही. जातीच्या नावाने झालेल्या अन्यायाविरुद्ध मत मागणे आणि जातीच्या नावाने मत मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण ‘मी बौद्ध आहे, तुम्ही बौद्ध आहात, म्हणून शिक्का मला मारा’ हे मात्र सरळसरळ भ्रष्ट आहे आणि ते आमच्या वस्त्यांत सर्रास बोलले जाते. पत्रकावर बुद्धमूर्ती छापली जाते. धार्मिक चिन्हाचा वापरही याच कलमात येतो, हे उमेदवाराला कोणी सांगत नाही. बाबासाहेबांच्या छायाचित्राची गोष्ट आम्ही वेगळी मानतो. ते राज्यघटनेचे शिल्पकार आणि राजकीय नेते होते. तसेही आता ज्यांनी हयातभर बाबासाहेबांना विरोध केला त्यांच्या पत्रकांवरही ते छायाचित्र आमच्यापेक्षा मोठे असते.

अमेरिकेत हाच भेद दुसऱ्या रीतीने दिसतो. गुलामगिरीचे समर्थन करणारे मळेवाले बायबल उघडून दाखवत होते. निग्रोंच्या घरांपुढे क्रूस जाळणारी कू क्लक्स क्लॅन स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होती. आणि त्याच देशात मार्टिन ल्यूथर किंग हे चर्चमधले धर्मोपदेशक काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी रस्त्यावर आले. किंग यांनी अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र करा असे म्हटले नाही. घटनेने सर्वांना दिलेले हक्क आम्हालाही द्या, असे म्हटले. त्यामुळे धर्माचा माणूस राजकारणात बोलला की तो लगेच धर्मराष्ट्रवादी होतो, असे नाही. तो समतेसाठी राज्याच्या दारात येतो की राज्यच आपल्या धर्माच्या मालकीचे करायला येतो, हे पाहावे लागते.

आणखी एक तुलना आमच्या मनात नेहमी येते. अमेरिकेच्या घटनेतील पहिली दुरुस्ती १७९१ ची. तिने राज्याला कोणताही धर्म प्रस्थापित करण्यास मनाई केली. तरीही १९५४ मध्ये अमेरिकन संसदेने राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेत ‘देवाच्या छत्राखाली’ अशा अर्थाचे शब्द घातले आणि १९५६ मध्ये देवावरील विश्वास हे राष्ट्राचे बोधवाक्य केले. त्याच्या पाचच वर्षे आधी, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, आपल्या संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली होती. पूर्णिमा बॅनर्जी यांनी देवाला मतास टाकू नका अशी विनंती केली. हृदयनाथ कुंझरू यांनी श्रद्धेची सक्ती नको म्हणून विरोध केला. कामत हटले नाहीत. मतदान झाले, बाजूने ४१ आणि विरोधात ६८. आपली राज्यघटना देवाच्या नावाने सुरू होत नाही, ‘आम्ही भारताचे लोक’ यांनी सुरू होते, ती अशी. विरोधात मत देणाऱ्यांत कितीतरी जण देवभक्त होते, हे विसरू नये. धर्मनिरपेक्ष हा शब्द १९७६ मध्ये घुसडला म्हणून तो काढा, असे म्हणणाऱ्यांनी या ६८ मतांचा हिशेब द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो शब्द काढण्याच्या याचिका फेटाळल्या; त्याआधी १९९४ च्या बोम्मई निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग ठरवलाच होता.

आता आमच्या स्वतःच्या घरात डोकावले पाहिजे. धर्म आणि राजकारण यांबद्दल दुसऱ्याला शहाणपण शिकवणे सोपे असते.

बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. पुढच्याच वर्षी त्यांनी पक्ष काढला, तो स्वतंत्र मजूर पक्ष. धर्म बदलण्याचा निर्धार जाहीर केलेला नेता पक्षाच्या नावात मजूर ठेवतो! १९५५ मध्ये त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. ती धम्माच्या कामासाठी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा झाली आणि त्याच काळात त्यांनी नव्या पक्षाचा आराखडा मांडला, तो रिपब्लिकन पक्ष. महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी तो पक्ष अस्तित्वात आला. लाखो लोक बौद्ध झाले असताना बौद्ध पक्ष काढणे किती सोपे होते! एकगठ्ठा मते हाती होती. पण बाबासाहेबांनी धम्माची संस्था वेगळी ठेवली आणि राजकारणाचा पक्ष वेगळा ठेवला. पक्षाचे दार बौद्धेतर गरिबांना, शेतमजुरांना उघडे राहावे हा त्यामागचा विचार होता. संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी राजकारणातील भक्तीबद्दल जो इशारा दिला होता, तो आमच्या प्रत्येक व्यासपीठावर सांगितला जातो आणि त्याच व्यासपीठावर पुढाऱ्याच्या पायावर डोके ठेवले जाते, ही गोष्ट वेगळी.

त्याच १९५६ साली शेजारच्या सिलोनमध्ये काय घडत होते? बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्याचा उत्सव होता. एप्रिलच्या निवडणुकीत भिक्खूंच्या संघटना बंडारनायके यांच्या प्रचाराला घरोघर फिरल्या. ते निवडून आले आणि जून महिन्यात एकट्या सिंहली भाषेला राजभाषा करणारा कायदा झाला. तामिळ भाषक, ज्यांत हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही होते, आपल्याच देशात परके झाले. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९५९ मध्ये, बंडारनायके यांचा खून झाला. गोळ्या झाडणारा एक भिक्खू होता आणि कटाचा सूत्रधार म्हणून ज्याला शिक्षा झाली तो केलनियाच्या प्रसिद्ध विहाराचा प्रमुख, बंडारनायके यांचाच पूर्वीचा पाठीराखा होता. १९७२ च्या घटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. १९८३ ते २००९ यादवी युद्ध चालले. ब्रह्मदेशात २०१५ मध्ये भिक्खूंच्याच आग्रहावरून धर्मांतरासाठी सरकारी मंडळाची परवानगी घ्यावी लागेल असा कायदा झाला.

हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही. आमच्यातले काही बांधव म्हणतील की, वकीलसाहेब, आपल्याच धम्माची बदनामी कशाला? पण करुणा शिकवणाऱ्या तथागतांच्या नावाने जर हे घडू शकते, तर दोष कोण्या एका धर्मग्रंथात शोधून भागणार नाही. अमेरिकेत ख्रिस्ती बहुसंख्य आहेत, तेथे ख्रिस्ती राष्ट्रवाद आहे. श्रीलंकेत बौद्ध बहुसंख्य आहेत, तेथे बौद्ध राष्ट्रवाद आहे. आणि ज्या ख्रिस्ती माणसाच्या नावाने टेक्सासमध्ये कायदे होतात, त्याच धर्माचा माणूस आपल्याकडे घरात प्रार्थनासभा घेताना खिडकी लावून घेतो.

ब्रह्मदेशाच्या कायद्यासारखे कायदे आपल्याकडेही आले आहेत. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे धर्म बदलणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे निवेदन द्यायचे असते. महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये लव्ह जिहाद आणि सक्तीच्या धर्मांतरावर कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आमच्यातले अनेक जण हा मामला मुसलमान आणि ख्रिस्ती यांचा आहे असे समजून गप्प बसतात. त्यांनी एकच कल्पना करावी. १९५६ च्या ऑगस्ट महिन्यात नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीपुढे लाखो महार स्त्री-पुरुष अर्ज हातात घेऊन रांगेत उभे आहेत आणि कारकून विचारतो आहे, धर्म का बदलता, कोणी आमिष दाखवले?

ख्रिस्ती बांधवांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून महार-मांगांतील अनेक घराणी ख्रिस्ती झाली. पुढे त्याच गावांतले त्यांचे भाऊबंद बौद्ध झाले. रक्त एक, आडनाव एक, गावकुसाबाहेरची जागा एक. पण १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने फक्त हिंदूंनाच अनुसूचित जातीचे मानले. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. आम्हा बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत, म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षे थांबावे लागले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हा परिच्छेद काढून टाका अशी शिफारस केली. पुढे २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. राज्य एखाद्याचा धर्म पाहून त्याच्या मुलाची शिष्यवृत्ती ठरवते, तेव्हा धर्म राजकारणात कोणी आणला? चौतीस वर्षे ज्यांनी हा अन्याय सोसला, त्यांनीच आता ‘आमचा वाटा कमी होईल’ म्हणून विरोध करावा, हे आम्हाला पटत नाही. वाटा वाढवून मागण्याचा लढा देता येतो. दार लावून घेण्याचा लढा बाबासाहेबांच्या नावाने देता येणार नाही.

परत भांडुपला येऊ. निवडणुकीचे वारे वाहू लागले की आमच्या एस वॉर्डातल्या विहारांचे भाग्य उजळते. कोणी लाद्या देतो, कोणी पत्रे देतो, कोणी भीमजयंतीला स्पीकर देतो. एका विहारात एका इच्छुक उमेदवाराने थायलंडहून बुद्धमूर्ती आणून देण्याचे कबूल केले. अट एकच, खाली संगमरवरी पाटीवर त्याचे नाव. कमिटीत दोन तट पडले आणि आम्हाला सल्ल्याला बोलावले. आम्ही कायदा सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एक आजी म्हणाली, ‘‘वकीलदादा, मूर्ती बुद्धाची हाय, तिला नको कशाला म्हनायचं? पाटी तेवढी नको म्हना.’’ तसाच निरोप गेला. मूर्ती काही आली नाही.

आम्ही जो कायदा सांगणार होतो तो असा. धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा, १९८८. पंजाबातील त्या वेळच्या परिस्थितीच्या पार्श्वभूमीवर तो आला; पण लागू आहे सर्वांना, देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा आणि विहारालाही. संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरू देणे, संस्थेचा पैसा पक्षासाठी खर्च करणे किंवा संस्थेचा उत्सव आणि मिरवणूक राजकीय प्रचारासाठी वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. हा कायदा ज्यांच्यावर लावायला हवा त्यांच्यावर लावलेला आम्ही फारसा पाहिला नाही, हे खेदाने नमूद करतो. मात्र यात आमची एक खरी अडचण आहे. झोपडपट्टीतला विहार हा फक्त वंदनेची जागा नसतो. तीच बालवाडी, तीच अभ्यासिका, तेच लग्नाचे सभागृह. झोपड्या तोडण्याची नोटीस आली तर लोक तेथेच जमतात. दुसरीकडे जागाच नाही. आणि या कायद्यातील राजकीय कामाची व्याख्या इतकी रुंद आहे की राजकीय स्वरूपाचा कोणताही प्रश्न तिच्यात ओढता येईल. म्हणून आम्ही विहार कमिट्यांना सुचवतो की वस्तीच्या प्रश्नाची सभा रहिवासी मंडळाच्या नावाने, विहाराबाहेरच्या पटांगणात घ्यावी, तिची नोंदवही वेगळी ठेवावी आणि कोणत्याही उमेदवाराला, तो आमचा असला तरी, त्रिसरणाच्या आधी किंवा नंतर माइक देऊ नये. आमचाच उमेदवार असेल तर विशेषच देऊ नये.

आणि दुसऱ्याच्या सभेत कोणी धर्माच्या नावाने मत मागत असेल तर काय करायचे, हेही कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. विधानसभा आणि लोकसभेसाठी निवडणूक याचिका फक्त पराभूत उमेदवारच करू शकतो, असा आमच्याकडे सार्वत्रिक गैरसमज आहे. मतदारसंघातला कोणताही मतदार ती करू शकतो. निकालापासून ४५ दिवसांच्या आत मुंबई उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. एक दिवसही उशीर माफ होत नाही. दोन हजार रुपये अनामत भरावी लागते. भाषणाचे नेमके शब्द, तारीख, वेळ, जागा आणि बोलणाऱ्याला उमेदवाराची संमती होती याचा आधार याचिकेतच मांडावा लागतो, नंतर सुचले म्हणून भागत नाही. महापालिकेच्या निवडणुकीला हा कायदा नाही, तिला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागतो आणि तेथील मुदती निराळ्या आहेत, त्या आधीच विचारून घ्याव्यात. चित्रफीत पुरावा म्हणून द्यायची तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते ज्याने चित्रण केले त्याच्याकडून त्याच आठवड्यात घेऊन ठेवा आणि ज्या मोबाइलवर चित्रण झाले तो मोबाइल निकाल लागेपर्यंत विकू नका.